आधी गाडी, मग कागद: ब्रिटिश स्पोर्ट्स कारची ओळख पटवायला शिकणाऱ्यांसाठी

कव्हेंट्री, बर्मिंगहॅम, लफबरा इथे ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग शिकायला आलेली मराठी मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, की जुन्या गाड्यांच्या क्लबांत शिरायचं कसं, आणि मेळाव्यात टॉर्च घेऊन बॉनेटखाली डोकं घालणारी माणसं नक्की काय शोधत असतात. ट्रायम्फच्या टीआर या जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांच्या एका क्लबात मी बरीच वर्षं गाडीची ओळख तपासण्याचं हे काम करतो आहे. शनिवार-रविवारचं, बिनपगारी काम. पण कारखान्यात, रिस्टोरेशनच्या वर्कशॉपमध्ये किंवा लिलावाच्या व्यवसायात पुढे जायचं असेल तर यासारखी दुसरी शाळा मला तरी माहीत नाही.

क्लबाच्या शब्दाला इथे वजन का आहे ते आधी समजून घ्या. गाड्यांची नोंदणी करणारी सरकारी यंत्रणा म्हणजे स्वान्झीची डीव्हीएलए. एखाद्या जुन्या गाडीचा मूळ नोंदणी क्रमांक संगणकीकरणाच्या काळात नोंदवायचा राहून गेला असेल, तर तो परत मिळवण्यासाठी व्ही ७६५ नावाचा अर्ज असतो. त्या अर्जावर मान्यताप्राप्त क्लबाने गाडी पाहून शिफारस द्यावी लागते. गाडी कधीची आहे याचं पत्रही क्लब देतो. म्हणजे मैदानावरच्या गवतात गुडघे टेकून तुम्ही जे टिपता, त्यावर कुणाची तरी सरकारी नोंद उभी राहते. विमा कंपन्या आणि खरेदीदारही तेच पत्र मागतात.

सुरुवात एकाच मॉडेलपासून करा. सगळ्या जॅग्वार, सगळ्या एमजी असं म्हणत फिरणाऱ्याला दहा वर्षांनीही कशातलंच धड कळत नाही. मी ट्रायम्फ टीआर५ निवडली. लहानपणी पुण्याच्या रस्त्यांवर स्टँडर्ड हेरल्ड दिसायची, मद्रासला बनणारी. ती मुळात कव्हेंट्रीच्या ट्रायम्फची हेरल्ड, आणि तिचा आकार ज्या जिओव्हानी मिकेलोत्तींनी काढला त्यांनीच टीआर४ चाही काढला. टीआर५ हे त्याच अंगाचं पुढचं रूप. तेव्हा ओढ जुनीच होती.

टीआर५ वर शिकायला मिळतं ते एका कारणाने. १९६७-६८ मध्ये ती अवघ्या २,९४७ बनल्या. त्याच वेळी अमेरिकेसाठी तिची जुळी बहीण निघाली, टीआर२५०, तिची संख्या ८,४८४. अंग तेच, २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन तेच. फरक इंधनाचा. टीआर५ ला लुकास कंपनीचं पेट्रोल इंजेक्शन, कंपनीच्या दाव्याप्रमाणे १५० अश्वशक्ती. टीआर२५० ला दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आणि बरीच कमी ताकद. पुढे अमेरिकेतून कितीतरी टीआर२५० इंग्लंडला परत आल्या, त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आलं, इंजेक्शन बसलं, मागच्या बाजूला टीआर५ चा बिल्ला लागला. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर लांबून कुणालाही ओळखू येणार नाहीत. किमतीत मात्र मोठं अंतर.

वॉरिकशरमधल्या एका मेळाव्यात अशीच एक लाल गाडी आली होती. मालक निवृत्त गृहस्थ, गाडी नुकतीच घेतलेली, क्लबाचं पत्र हवं होतं. रंगकाम सुरेख. नवखा माणूस अशा वेळी थेट फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरची, नंबरची प्लेट शोधायला जातो. मी नेहमी डिकीपासून सुरू करतो. इंजेक्शनच्या गाडीत विजेवर चालणारा पंप डिकीत असतो, आणि जादा पेट्रोल टाकीत परत आणणारी एक नळी असते. पंप होता, नळीही होती. पण टाकीला ती नळी जिथे जोडली होती तिथला सांधा नंतरचा होता, पितळी डागकाम, भोवती रंग जळल्याची कड. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, टाकी बदललेलीही असू शकते. मग इंजिन. टीआर५ च्या इंजिनाचा नंबर सीपी या अक्षरांनी सुरू होतो. इथे ब्लॉकवरचं तेल पुसल्यावर दिसलं सीसी, म्हणजे कार्ब्युरेटरवालं इंजिन. हेही एकट्याने पुरेसं नाही, साठ वर्षांत इंजिन कुणाचं बदललेलं नसतं? प्लेट मात्र कुठेच नव्हती. रंगकामाच्या वेळी काढलेली, ती परत आलीच नाही. शेवटी मी नोंदणीची कागदपत्रं मागितली. चासी नंबर सीडीपासून सुरू होत होता. सीडी म्हणजे टीआर२५०. कागद पहिल्यापासून खरं बोलत होता, पण त्या दोन अक्षरांना अर्थ असतो हे त्या गृहस्थांना विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

मी आणि माझ्यासोबतच्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं: ही अस्सल टीआर२५० आहे, उजव्या हाताची केलेली, इंजेक्शन बसवलेली, काम चांगलं झालेलं आहे. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, विम्यात काय लिहू? जे आहे तेच लिहा, असं सांगितलं, आणि तसं पत्रही दिलं.

हा क्रम मी मुद्दाम तपशिलात सांगितला. आधी गाडी, मग कागद. आधी कागद पाहिलात तर डोळे कागदात लिहिलेलंच शोधत बसतात. दुसरं, एका खुणेवर कधीच निकाल देऊ नका. परस्परांशी संबंध नसलेल्या तीन-चार खुणा एकच गोष्ट बोलू लागल्या की मगच बोला. आणि सीपी दिसलं की लगेच खूश होऊ नका. टीआर५ नंतर आलेल्या टीआर६ च्या सुरुवातीच्या इंजेक्शन इंजिनांनाही सीपी होतं, त्यांचे नंबर २५,००० च्या पुढचे. उलट दिशेनेही सावध राहा. डाव्या हाताची टीआर५ दिसली की काहीजण मान हलवतात, पण २,९४७ पैकी फक्त १,१६१ ब्रिटनसाठी होत्या. उरलेल्या फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी वगैरे देशांत गेल्या. डावं स्टिअरिंग हा संशयाचा मुद्दाच नव्हे.

आता कागदांबद्दल. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टचा दप्तरखाना आहे. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली यांच्या कारखान्यांच्या नोंदी तिथे आहेत आणि त्यावरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं: गाडी कधी बनली, मूळ इंजिन नंबर, मूळ रंग, कुठे पाठवली. जॅग्वारसाठी हेच काम जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट करतो. हे सर्टिफिकेट म्हणजे जन्मदाखला. अमुक तारखेला अमुक बाळ जन्मलं एवढंच तो सांगतो, समोर उभा माणूस तोच आहे का हे सांगत नाही. मेळाव्यात फ्रेम करून सीटवर ठेवलेलं सर्टिफिकेट पाहून भले भले समाधान मानतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

समोरची गाडी तीच आहे का, हे ठरवायला बारीक खुणा लागतात. लुकासच्या डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, डायनॅमोवर बनवल्याचा काळ पंच केलेला असतो. तो गाडी बनण्याच्या थोडा आधीचा असला पाहिजे, नंतरचा असेल तर भाग बदललेला आहे. ब्लॉकच्या ओतकामावरच्या तारखेचंही तसंच. काचा तर फारच बोलक्या. ट्रिप्लेक्स या काच बनवणाऱ्या कंपनीच्या शिक्क्यात अक्षरांच्या खाली-वर बारीक ठिपके असतात, त्यावरून काच कोणत्या वर्षीची ते काढता येतं. खोटी गाडी उभी करणारा इंजिन नंबर पंच करतो, प्लेट नवी बनवतो, पण चारही काचा त्या वर्षाच्या शोधत बसत नाही. भिंगातून पहिल्यांदा तो ठिपका सापडला तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

जॅग्वार ई-टाइपकडे वळायचं असेल तर चार नंबर जुळवायला शिका: चासी, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर असतो, आणि तोच सिलिंडर हेडवरही. ३.८ लिटरला तो आर ने सुरू होतो, सुरुवातीच्या ४.२ ला ७ई ने. चासी नंबर पुढच्या चौकटीवर पंच केलेला असतो, आणि इथेच गंमत आहे. ही चौकट बोल्टने जोडलेली, पुढून धडक बसली की बदलावी लागायची. नवी चौकट कोरी येते, मग गॅरेजवाला जुना नंबर तिच्यावर पंच करतो. म्हणून आकडे नंतरचे दिसले की लबाडी, असं समीकरण मांडू नका. दुरुस्तीची बिलं मागा, जुने फोटो मागा, आकड्यांचा साचा त्या काळच्या खात्रीच्या गाडीशी ताडून पाहा.

ऑस्टिन-हीली १०० एम हे या विषयातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. वॉरिकला हीलींच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या फक्त ६४०, सगळ्या बीएन२ या मॉडेलच्या. जाळीदार फटींचं बॉनेट, त्यावर चामडी पट्टा, मोठे कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन. पण ल मॉं किट नावाने यातले बरेच भाग डीलरकडेही मिळत, आणि त्या काळातच अनेकांनी साध्या हीलीला ते बसवून घेतले. त्यात अलीकडच्या नकलांची भर. म्हणजे तीन प्रकार, तिन्ही रस्त्यावर मजा देणारे, पण नावं तीन. पट्टा आणि फटी पाहून काहीच ठरत नाही. वॉरिकच्या नोंदी आणि बॉनेटच्या चौकटीवर पंच केलेला बॉडी नंबर पाहा. एक छोटी सूचना: हीलीचे पुढचे-मागचे वरचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात, तिथे पुट्टी शोधायला चुंबक फिरवून उपयोग नाही.

एमजीबीत एवढी गुंतागुंत नाही. पाच लाखांवर बनल्या, पैशाचा मोह कमी. फक्त १९८८ पासून तिची बॉडी पुन्हा नव्याने बनवली जाते हे लक्षात ठेवा. चकचकीत, गंज नसलेली एमजीबी दिसली तर आधी विचारा, बॉडी कधी बदलली. लोटस एलानची चासीही अशीच बदललेली सापडते. बदलीच्या चासींवर एलआरने सुरू होणारा नंबर असतो.

मोठे बदल झालेल्या गाडीने आपला नोंदणी क्रमांक ठेवायचा की नाही, यासाठी २०२५ पर्यंत डीव्हीएलएची गुणांची पद्धत होती. चासी किंवा मोनोकॉकला (चासी आणि बॉडी एकच असलेला सांगाडा) ५, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. किमान ८ लागत, आणि चासी मूळची किंवा कारखान्याच्या मापाची नवी लागे. इंजिनाला एकच गुण होता यावर विचार करा. आपण ज्या इंजिन नंबरसाठी जीव टाकतो, गाडीची ओळख ठरवताना ती पद्धत त्याला शेवटच्या रांगेत बसवत होती. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा दरवेळी ताजे वाचून जा.

मैदानावर कसं वागायचं, हे तुमच्या ज्ञानाइतकंच महत्त्वाचं. मालक जवळ असल्याशिवाय बॉनेटला हात नाही. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल घरी ठेवा किंवा झाका, रंगावर ओरखडा उमटला की तुमचं तिथलं काम संपलं. चासी प्लेटचा फोटो परवानगीशिवाय काढू नका, आणि काढलात तर कुणाला पाठवू नका, नंबरची नक्कल करणारे असेच फोटो शोधत असतात. ‘खोटी’ हा शब्द तिथे मोठ्याने उच्चारायचा नाही. इंग्रज म्हातारे अबोल असतात असं म्हणतात, पण आपल्या गाडीबद्दल मनापासून कुणी विचारलं की तासभर बोलतात. आधी ऐकून घ्या, त्या बोलण्यात जुन्या मालकांची नावं, गॅरेजं, अपघात सगळं येतं.

आता शिकण्याची वाट. विद्यार्थी असताना क्लबाचं सभासदत्व घ्या आणि तुमच्या मॉडेलच्या रजिस्ट्रारला, म्हणजे क्लबात त्या मॉडेलच्या नोंदी ठेवणाऱ्याला, पत्र लिहा: तुमच्या हाताखाली नोंदी लिहायला येऊ का? बहुतेकजण हो म्हणतात, कारण या कामातली पिढी म्हातारी होत चालली आहे आणि त्यांच्या डोक्यातलं ज्ञान कुठेच छापलेलं नाही. हाताने काम शिकायचं असेल तर बिस्टर हेरिटेजला हेरिटेज स्किल्स ॲकॅडमी आहे, पण अशा प्रशिक्षणात शिरण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी वाचा. पुढे पगाराच्या जागा वर्कशॉप, लिलावगृह आणि विम्याच्या तपासणीत निघतात. तिथे पदवीपेक्षा तुमची वही पाहतात.

त्या वहीत काय असावं? गाडीमागे एक पान. डोळ्यांनी पाहिलेलं एका बाजूला, मालकाने सांगितलेलं दुसऱ्या बाजूला, दोन्ही कधी मिसळायचं नाही. नंबर वाचता आला नाही तर ‘वाचता आला नाही’ असंच लिहायचं, अंदाजाने आकडा भरायचा नाही. कोणता रिव्हेट नवा दिसला, कोणता जुना, प्लेटचं भोक मूळ जागी आहे की सरकलेलं, सगळं. पहिल्या हंगामात कुठलाही निष्कर्ष लिहू नका, फक्त निरीक्षणं. हंगाम संपला की वही रजिस्ट्रारसमोर ठेवा आणि त्याने लाल शाईने काय काय खोडलं ते एकेक करून विचारा.