सॅपर्टनचा बंद बोगदा बघायला जाताय? मग असा बघा

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरला थेम्स-सेव्हर्न कालव्याचा सॅपर्टन बोगदा आहे, 1789 चा, आता बंद. लोक येतात, एक फोटो काढतात आणि जातात, तसं करू नका प्लीज. लंडनच्या पॅडिंग्टनवरून ट्रेनने केंबलला उतरा, तिथून चालत बोगद्याच्या एका टोकाच्या कोट्स गावाकडे, आणि टनेल हाउस पबच्या बाजूने खाली कालव्याकाठी उतरा. शक्यतो सकाळीच, कारण बोगद्याचं हे तोंड आग्नेयेला आहे.

उतरलात की लगेच कमानीपाशी जाऊ नका, जरा लांबूनच बघा. घडीव दगड, दोन्ही बाजूंना खांब आणि मधे कोनाडे, आपल्याकडे देवळाच्या भिंतीत देवळ्या असतात ना तसे, पण रिकामे. एखाद्या सरदाराच्या वाड्याचा दरवाजाच वाटतो, आणि इथली जमीन होती पण अर्ल बाथर्स्ट या उमरावाची, म्हणून हा थाट. 1976-77 मध्ये हे तोंड दुरुस्त केलंय.

आता पुढे जा आणि घोड्याची वाट कुठे संपते ते बघा. कमानीपाशीच संपते! आत वाटच नाही, म्हणजे बोट ओढणारा घोडा डोंगरावरून फिरून जायचा आणि बोटीतली माणसं आडवी पडून भिंतीला पाय लावून बोट ढकलायची, 3,817 यार्ड, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोमीटर, पूर्ण अंधारात. हे माहीत झाल्यावर ते खांब परत एकदा बघा, मला तर दर वेळी गलबलून येतं.

आत मात्र अजिबात शिरू नका, छत कोसळलेलं आहे. डोंगरात मुलतानी माती आहे (हो, आपण चेहऱ्याला लावतो तीच), ती पाण्याने फुगते आणि कालव्याचा तळच वर उचलते, शिवाय चुनखडीच्या भेगांतून पाणी गळायचं ते वेगळंच. शेवटची बोट 1911 ला गेली.

मग जंगलातून वरच्या वाटेने डेनवेला, म्हणजे बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला चला. वाटेत झाडं वाढलेले उंचवटे दिसतील, ती बोगदा खणायला वरून पाडलेल्या विहिरींतून उपसलेली माती. डेनवेचं तोंड एकदम साधं, वर फक्त किल्ल्याच्या तटासारख्या चर्या, 1996 ला दुरुस्त केलेल्या. कोट्सचा फोटो मोबाइलवर उघडून शेजारी धरून बघा, एकाच बोगद्याची तोंडं आहेत हे पटणार नाही.

दोन्ही टोकांचे पब मुळात बोगदा खणणाऱ्या मजुरांसाठी बांधलेले, तेव्हा जेवण डेनवेच्या पबमध्येच करा. बूट चांगले घाला, चिखल खूप असतो.