एकेक बेलुगा ओळखायचा कसा: रंग सोडा, पाठ बघा

बेलुगा म्हणजे उत्तरेच्या थंड समुद्रातला पांढरा देवमासा. तो ओळखायला "सगळ्यात पांढरा असेल तो म्हातारा, त्याला धरून बसा" असले सल्ले वाचले की डोकं फिरतं. पिल्लं राखाडी असतात आणि वर्षानुवर्षं उजळत जातात हे खरंय, पण एकच बेलुगा ढगाळ हवेत राखाडी दिसतो आणि ऊन पडलं की पांढराशुभ्र, मग रंगावरून ओळखणार काय?

अलास्कातल्या कुक इनलेटचंच (जमिनीत आत शिरलेली खाडी) सांगते. २००८ मध्ये हे बेलुगा धोक्यातले म्हणून जाहीर झाले, २०२२ च्या अंदाजात त्यांची संख्या ३३१ च्या आसपास, आणि २००५ पासून तिथे फोटोंवरून एकेक प्राणी ओळखायचं काम चालू आहे. अँकरेज शहराहून दक्षिणेला सीवर्ड हायवेवर बेलुगा पॉइंट किंवा बर्ड पॉइंटला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थांबा, सॅमन माशांच्या मागे ते भरतीबरोबर आत येतात. भरतीचं वेळापत्रक आधी बघा.

लांब लेन्स, शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान, एक्स्पोजर थोडं कमी, नाहीतर पांढऱ्या पाठीवरच्या खुणा पार उडून जातात.

बेलुगाला पाठीवर पर नसतो, तिथे फक्त एक कडक बुटका कंगोरा असतो. तो आणि त्याच्या आजूबाजूची कूस हीच त्याची ओळख. डोकं दिसलं की लोक क्लिक करून मोकळे होतात, पण कंगोरा नंतर वर येतो, त्यामुळे पाठ पूर्ण बुडेपर्यंत बर्स्ट (एकामागोमाग फोटो काढणं) थांबवायचा नाही.

आता जुळवणी, इथेच सगळे घसरतात. डावी आणि उजवी बाजू म्हणजे दोन वेगळे कॅटलॉग धरा, कारण डावीवरच्या खुणा उजवीवर नसतात आणि एकाच सलग मालिकेत दोन्ही बाजू मिळाल्याशिवाय त्या एकाच प्राण्याच्या आहेत असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. बारीक ओरखड्यांवर अजिबात विसंबू नका, बेलुगा उन्हाळ्यात कात टाकतो आणि असले ओरखडे पुसट होत जातात. खोल व्रण, कंगोऱ्याला पडलेली खाच, हे टिकतं. १९९९ ते २००२ मध्ये ज्यांना सॅटेलाइट टॅग (उपग्रहावरून माग काढायची यंत्रं) लावले होते त्यांच्यातले काही तर त्या टॅगच्या व्रणांवरूनच पुढे कितीतरी वर्षांनी ओळखू आले. पाण्याची चकाकीसुद्धा हुबेहूब व्रणासारखी दिसते, म्हणून लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये खूण त्याच जागी असेल तरच ती खूण. माझा नियम तीन खुणांचा, आणि त्यांचं एकमेकींपासूनचं अंतरही जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर फोटो "नक्की नाही" फोल्डरमध्ये, कितीही मोह झाला तरी. चुकीच्या जुळणीने दोन प्राण्यांचा एक होतो आणि संख्या आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि ज्यांच्यातले इतके थोडेच उरलेत त्यांच्या बाबतीत हे मला चालत नाही.

माग ठेवायचा तर प्रत्येक फोटोला तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, कळपात साधारण किती आणि शेजारी पिल्लू होतं का, एवढं त्याच दिवशी लिहा. पिल्लू एकदा शेजारी दिसलं म्हणून लगेच "आई" लिहू नका, तेच पिल्लू तिला चिकटून पुन्हापुन्हा दिसू दे.

आणि जवळून फोटो मिळेल म्हणून ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर उतरायचं नाही, तो पाय गिळतो आणि भरती झपाट्याने येते. रस्त्याकडेच्या खडकांवरूनच काढा.