घरपट्टीची सवलत: शेजाऱ्याचं चलन नको, कलम बघा

बेळगाव भागात घर घेतलंत की आधी ते कोणत्या कायद्याखाली येतं ते ठरवा. टिळकवाडी, शहापूर, वडगाव महापालिकेत, म्हणजे 1976 चा कर्नाटक महापालिका कायदा. निपाणी, चिकोडी, खानापूरला 1964 चा नगरपालिका कायदा. हिंडलगा, उचगाव, येळ्ळूरला ग्रामपंचायत, 1993 चा कायदा. कॅम्पातलं घर असेल तर केंद्राचा 2006 चा छावणी कायदा. एकीकडची सवलत दुसरीकडे आपोआप लागू होत नाही. हद्दीवर तर रस्त्याच्या अलीकडे महापालिका नि पलीकडे पंचायत, असंही असतं.

पहिलं घर घेणाऱ्याला घरपट्टी माफ, ही निव्वळ ऐकीव गोष्ट. लोकांच्या डोक्यात असते ती मुद्रांक शुल्काची सवलत: 5 टक्क्यांऐवजी 20 लाखांपर्यंत 2 टक्के, 45 लाखांपर्यंत 3. तीही नव्या फ्लॅटच्या पहिल्या नोंदणीला. बैठ्या घराला किंवा कुणाकडून घेतलेल्या जुन्या फ्लॅटला नाही.

महापालिकेच्या घरपट्टीत मिळतं ते असं. वर्षाचा पूर्ण कर एप्रिलमध्येच भरला तर 5 टक्के सूट. मुदत चुकली की महिन्याला 2 टक्के दंड. 6,000 रुपये थकले तर महिन्याला 120. मोठी सवलत माजी सैनिकाच्या राहत्या घराला आहे, निम्मा कर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या गावात ती कितीजण मागतात, हा प्रश्नच आहे. 1976 च्या महापालिका कायद्यात माफीचं कलम 110. अर्जासोबत डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्तीचं पुस्तक), ओळखपत्र आणि स्वतःच्या नावचा खाते उतारा (कराच्या नोंदवहीत घर कुणाच्या नावावर आहे तो उतारा) जोडा. घर भाड्यानं दिलेलं असेल तर मागू नका.

उताऱ्यावर अजून विकणाऱ्याचं नाव असेल तर सगळंच अडतं. खरेदीखत झाल्यापासून तीन महिन्यांत महापालिकेला कळवा, खातं बदलून घ्या आणि जुनी थकबाकी निरंक असल्याचं लेखी मागा. थकबाकी मालकाच्या नाही, घराच्या मागे लागते.

स्वयंघोषित फॉर्ममध्ये, म्हणजे मालकानं स्वतः कर काढून भरायच्या फॉर्ममध्ये, दोन रकाने नीट भरा. बांधकामाचं वर्ष: जुन्या घराला घसारा (वयानुसार घट) मिळतो, वर्ष चुकलं की घर कागदावर नवं कोरं होतं. छताचा प्रकार: मंगळुरी कौलांच्या घराला स्लॅबचा दर लागला तर फरक दरवर्षी भरावा लागतो.

आता कायद्याच्या मजकुरातल्या चुका. दुरुस्ती कायदा येतो, एक पोटकलम बदलतो. त्याचा हवाला देणारं दुसरं कलम जुन्याच आकड्यावर राहतं. कधी कन्नड आणि इंग्रजी मजकुरात 'आणि' नि 'किंवा'ची अदलाबदल होते, आणि माफीची अट दुप्पट कडक होते. शुद्धिपत्रक राजपत्रात निघतं, पण ते वाचतो कोण? बंगळुरूत 2016 साली कराचे झोन, म्हणजे भागानुसार दराचे गट, बदलले. कित्येक मालक जुन्याच झोननं भरत राहिले आणि काही वर्षांनी त्यांच्या हातात फरकाच्या नोटिसा पडल्या.

म्हणून बाजारातलं कायद्याचं पुस्तक पुरेसं धरू नका. राज्याच्या संसदीय कामकाज आणि विधिनिर्माण विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या कायद्याची दोन्ही भाषांतली प्रत उतरवा. कलमाखालच्या बारीक टिपेत दुरुस्तीचा क्रमांक आणि लागू होण्याची तारीख असते. कर कोणत्या वर्षाचा मागितलाय त्याच्याशी ती ताडून बघा. विसंगती सापडली तर त्या दोन ओळी शेजारी-शेजारी लिहून हरकत द्या. 'बोर्डावर असं लिहिलंय' हा पुरावा नाही. राज्यघटनेचं कलम 265 सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही.

अर्ज मराठीत देता येतो. राज्यघटनेच्याच कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. पण काम लवकर व्हायचं असेल तर कन्नड प्रत वर, मराठी खाली, दोन्हींवर सही. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. निकाल येईपर्यंत कर भरा, नाहीतर 2 टक्क्यांचं मीटर चालूच राहतं. मात्र रक्कम 'हरकत राखून' भरत असल्याचं त्याच दिवशी पत्रानं कळवा आणि पत्राची पोच चलनाला टाचून ठेवा.