आधी प्रॉम्प्टरची प्रत: जलशांच्या वह्या आणि दलित नाटकांचा डिजिटल संग्रह

नाशिक परिसरातले आंबेडकरी जलसे (गाणी-संवादांतून आंबेडकरी विचार सांगणारे कार्यक्रम) आणि दलित नाटकं जमवायला घेतली की पहिली चूक ठरलेली: छापील पुस्तक मिळालं की काम झालंसं वाटतं. छापील प्रत आज ना उद्या एखाद्या वाचनालयात सापडेल. प्रॉम्प्टरच्या, म्हणजे विंगेतून संवाद सुचवणाऱ्याच्या हातातली, पेन्सिलने काटछाट केलेली, चहाचे डाग पडलेली प्रत मात्र एकच असते, आणि नाटक रंगमंचावर नेमकं कसं झालं ते तिलाच माहीत असतं. म्हणून आधी तालमीची प्रत, मग प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का असलेली, शेवटी छापील. तिन्ही वेगवेगळ्या ठेवा. एकीवरून दुसरी ‘सुधारू’ नका.

जलशांना तर छापील आधार जवळजवळ नाहीच. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. त्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरले, पण मजकूर राहिला वह्यांत आणि तोंडात. गुलामगिरीतून निसटलेल्या विल्यम वेल्स ब्राऊन यांचं ‘द एस्केप’ हे नाटक अमेरिकेत १८५८ मध्ये छापलं गेलं, म्हणून आज ते वाचता येतं. इकडे वही गेली की जलसा गेला.

वही हातात आली की लगेच उघडू नका. पावसाळ्यात पंचवटीतल्या जुन्या घरांतून आलेलं बासन बहुधा दमट असतं आणि पानं चिकटलेली असतात. उन्हात वाळवलं तर कागद वाकडा होतो आणि शाई उडते. सावलीत, लांबच्या पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून दोन-तीन दिवस ठेवा. स्टेपलरची गंजलेली पिन ओढून काढायची नाही. मागचे दोन्ही पाय बोथट सुरीने उभे करा, मग पिन वरून आपोआप सुटते. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको.

आता स्कॅनिंग. जुन्या संहिता बहुतेक फुलस्केप कागदावर असतात, म्हणजे सुमारे १३ इंच लांब. घरगुती स्कॅनरची काच ए-४ मापाची, पावणेबारा इंचांची. खालच्या दोन-तीन ओळी काचेबाहेर राहतात आणि हे लक्षात येतं वही परत दिल्यावर. अशा पानांसाठी कॅमेरा खाली करून स्टँडवर लावलेला मोबाइल बरा. ४००० बाय ३००० पिक्सेलचा कॅमेरा १३ इंचांचं पान चौकट भरून घेतो तेव्हा इंचाला सुमारे ३०० ठिपके मिळतात; हस्ताक्षराला तेवढे पुरतात. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा, फ्लॅश बंद ठेवा. स्कॅनिंगची ॲप वापरू नका. ती पान ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात फिकट पेन्सिल पुसून टाकतात, आणि आपल्याला तर तीच पेन्सिल हवी असते.

कार्बन कॉपीचा कागद पातळ असतो, त्यामुळे खालच्या पानाची अक्षरं वर दिसतात. एकाच बाजूला मजकूर असेल तर मागे कोरा पांढरा कागद सरकवा. दोन्ही बाजूंना असेल तर काळा. कोरी पानं आणि मलपृष्ठसुद्धा घ्या. कोण कोणती भूमिका करणार, बसचं भाडं किती, हे बऱ्याचदा मागेच लिहिलेलं असतं.

पान काचेत मावत असेल तर ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल. ए-४ पानाला सुमारे ४६ एमबी लागतात, ६० पानांच्या संहितेला पावणेतीन जीबी. ही मूळ फाइल बाजूला ठेवा आणि वाचायला वेगळी पीडीएफ करा. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. क्रमांक ००१, ००२ असे, नाहीतर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं. एकूण तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात.

छापील पानांच्या चित्रातून अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरचा मराठी संच चालतो, हस्ताक्षर मात्र टाइपच करावं लागतं. टाइप करणाऱ्याला एकच सक्त ताकीद: ‘आनि’, ‘न्हाई’ असं लिहिलं असेल तर तसंच ठेवायचं. कुणाकडे डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर जुळवलेली जुनी फाइल निघाली तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असते आणि नव्या संगणकावर अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’मधला अर्धा र हे तीन तपासा. ‘सूर्य’, ‘किती’ आणि ‘तऱ्हा’ नीट उमटले तर बाकीचंही बहुधा नीट असतं.

नोंद करताना नाव आणि लेखक एवढ्यावर थांबू नका. स्पर्धेसाठी एकांकिका शोधणाऱ्या पोरांना पहिल्यांदा कळायला हवं ते हे: किती पात्रं, त्यात स्त्रिया किती, वेळ किती, नेपथ्य काय, बोली कुठली. प्रयोगाची तारीख हँडबिलावर किंवा प्रतीवर असेल तरच लिहा; ऐकीव असेल तर तसा शेरा द्या. गाण्याचा कवी शोधताना शेवटचं कडवं पाहा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक तिथे बरेचदा ‘वामन’ गुंफतात. पण गाणारे ओळी बदलतात, तेव्हा नुसत्या नाममुद्रेवर भिस्त ठेवू नका.

परवानगी लेखी हवी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क (कॉपीराइट) टिकतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गाण्यांवर २०६४ अखेरपर्यंत. अनुवादाचा हक्क वेगळा. कागदावर तीन रकाने करा: जतन, ऑनलाइन वाचन, प्रयोग. वारसांनी पहिल्यावर सही केली म्हणजे तिन्ही दिलं असं धरू नका, आणि एकाहून अधिक वारस असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या.

वही परत करताना पेनड्राइव्हवर पीडीएफ आणि छापील पोच द्या, पोचीवर पानांची संख्या घाला. पानं मोजायची ती वही घेताना, मालकासमोर.