टाइल लागण्याआधी भिंतीचा फोटो

एकदा काम केलेलं घर पुढच्या वेळी दुसऱ्याच प्लंबरला बोलावतं, कारण आपला नंबर सापडत नाही. नव्या कारागिरांनी हे करून बघा.

१. बाथरूमची सीपीव्हीसी लाइन (गरम-थंड पाण्याचे प्लास्टिकचे पाइप) भिंतीत टाकून प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती तपासणं) झाली की, प्लास्टरआधी, मोजायची टेप लावून फोटो काढा. जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर स्पष्ट वाचता आलं पाहिजे.

२. तो घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. खाली आपलं नाव आणि 'प्लंबर' असं लिहा.

टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारायची वेळ आली की हा फोटो शोधला जातोच, आणि नंबर आयता हाताशी. मुंबईत एक पाइप फुटला की खालच्या मजल्याशी भांडण ठरलेलं, त्यामुळे लोक फोटो जपून ठेवतात.

तो फोटो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचा असेल तर आधी मालकाला विचारा.