परदेशवारीचा विमा: एका फेरीचा की वर्षाचा?

जालन्यातला बियाण्यांचा किंवा स्टीलचा व्यापारी वर्षातून तीन-चारदा दुबई, जर्मनी करत असेल, तर वार्षिक पॉलिसी त्याच्या सोयीची. लातूर-नांदेडहून लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांनी मात्र वार्षिक पॉलिसीच्या नादी लागू नये. ‘वार्षिक’ म्हणजे सलग वर्षभर संरक्षण नव्हे. दर फेरीला दिवसांची मर्यादा असते, बहुधा ३०, ४५ किंवा ६०. मर्यादा ४५ ची असेल आणि सेहेचाळिसाव्या दिवशी दवाखाना गाठावा लागला, तर बिल आपल्याच खिशातून. लांब मुक्कामाला एका फेरीचीच पॉलिसी घ्या. ती साधारण १८० दिवसांपर्यंत मिळते.

वर्षात दोनच फेऱ्या असतील तर दोन्ही फेऱ्यांच्या वेगवेगळ्या पॉलिसींचे कोटेशन मागवून बेरीज करा आणि वार्षिकशी ताडून पाहा, बरेचदा एका फेरीची पॉलिसीच स्वस्त पडते. वार्षिक घेताना प्रदेश नीट वाचा: ‘अमेरिका-कॅनडा वगळून’ असलेली पॉलिसी स्वस्त खरी, पण ऐनवेळी शिकागोचं काम निघालं की निरुपयोगी. शेंगेन व्हिसाला (जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा) किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं.

बीपी-शुगर लपवू नका. क्लेम नाकारायला कंपनीला तेवढं कारण पुरतं. आणि पॉलिसीत परतीची तारीख तिकिटावरून टाकताना दोन दिवस जास्तीचे धरा. अमेरिकेहून निघालेलं विमान हैदराबादला उतरतं तेव्हा तारीख पुढे सरकलेली असते, फ्लाइट चुकली तर आणखी एक दिवस. पॉलिसी मात्र भारतातून निघण्याआधीच काढायची.