हेड बदलताना कॅमला जुळणारी व्हॉल्व्ह स्प्रिंग कशी बसवावी

"कॅमसोबत येणाऱ्या कार्डावर जो स्प्रिंगचा नंबर आहे तीच आणा, डोळे मिटून बसवा" हा सल्ला अर्धाच खरा. तो नंबर कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) जुळतो. तुमच्या हेडमध्ये स्प्रिंगला उंची किती मिळणार, हे कॅम बनवणाऱ्याला कुठून कळणार? उदाहरणाला शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन घेऊ, त्यावर शेव्हरोलेचंच व्होर्टेक हेड आणि फ्लॅट टॅपेट कॅम (ज्याचे टॅपेट रोलरशिवाय, सपाट बुडाने कॅमवर घासतात). हेड धुऊन, गाइड (ज्यात व्हॉल्व्हची दांडी सरकते) आणि सीट (ज्यावर व्हॉल्व्ह बसतो) तपासून तयार आहेत असं धरतो.

कार्डावरची व्हॉल्व्ह लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, बघा. समजा ०.४८० इंच आहे. हा आकडा १.५ च्या रॉकरचा, म्हणजे कॅमची हालचाल दीडपट करून व्हॉल्व्हला देणाऱ्या रॉकरचा. १.६ चे रॉकर लावले तर तीच लिफ्ट ०.५१२ होते.

आता स्प्रिंगचे तीन आकडे घ्या. समजा १.७०० इंच उंचीला १०५ पौंड, रेट (इंचभर आणखी दाबलं की वाढणारा दाब) इंचाला ३७० पौंड, आणि वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची १.१५०.

खरी मेख पुढे आहे: बसवलेली उंची, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगला मिळणारी उंची. व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगच्या माथ्यावरची टोपी) आणि लॉक (ती टोपी दांडीला धरणारे) लावा, स्प्रिंग नको. रिटेनर वर ओढून धरा आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या खालच्या कडेपर्यंत हाइट मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियरची शेपटी तिरकी घालून मोजलेला आकडा कामाचा नाही. एक मोजून बाकीचे तेवढेच असतील असं धरूही नका, सोळाच्या सोळा मोजा. सीट घासली की व्हॉल्व्ह आत जातो, दांडी वर येते आणि उंची वाढते. १.७०० ऐवजी १.७४० भरली तर १०५ पौंडांचे ९० उरतात. मग जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो. उंची जास्त भरली तर खाली शिम (पातळ चकत्या) घाला: ०.०१५, ०.०३०, ०.०६०. कमी भरली तर उंची वाढवणारे लॉक किंवा रिटेनर लागतील. ॲल्युमिनियम हेडला स्प्रिंगखाली स्टीलचा कप लागतोच. तो जागेवर ठेवूनच मोजा.

मग वजाबाकी. १.७०० वजा ०.४८० म्हणजे १.२२०, वेटोळी टेकायला ०.०७० उरले. किमान ०.०६० हवेत, म्हणजे चालेल. १.६ च्या रॉकरने ०.०३८ च उरतात. दुसरी स्प्रिंग शोधा.

रिटेनर आणि गाइडच्या माथ्यावरचं तेलाचं सील यांतलं अंतर बहुतेक जण तपासत नाहीत आणि व्होर्टेक हेड नेमकं इथेच नडतं. मूळ हेडमध्ये ०.४७० च्या आसपास लिफ्टला रिटेनर सीलवर आपटतो. सील फाटतं आणि निळा धूर सुरू होतो. हलकी तपासणी-स्प्रिंग लावून, डायल गेज ठेवून व्हॉल्व्ह पूर्ण लिफ्टइतका दाबा. तेव्हा निदान ०.०५० अंतर उरलं पाहिजे. नसेल तर गाइडचा माथा मशीन शॉपमध्ये कापून घ्या. स्प्रिंग बदलून हे सुटत नाही.

"जड स्प्रिंग घाल, सेफ राहील" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. फ्लॅट टॅपेट कॅमचे लोब (फुगवटे) जादा दाबाने पहिल्या अर्ध्या तासातच घासून सपाट होतात. दुहेरी स्प्रिंग असेल तर ब्रेक-इनपुरती (नवा कॅम रुळेपर्यंत) आतली काढून ठेवा, झिंकवालं तेल घाला आणि इंजिन सुरू होताच वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान चालवा, आयडलवर सोडू नका. शिवाय व्होर्टेकचे रॉकर स्टड नुसते ठोकून बसवलेले असतात. दाब बराच वाढवणार असाल तर आट्यांचे स्टड बसवा, नाहीतर ते हळूहळू वर सरकतात.

पिस्टनवर क्ले ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा: व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला ०.०८०, एक्झॉस्टला ०.१०० अंतर हवं. मगच हेड कायमचं आवळा.